उसनं दार

अख्ख्या चांदा जिल्ह्यात स्वतःच्या घराला इतका भिणारा माणूस माझ्या साडभाऊंखेरीज दुसरा झाला नसेल. वाघाला ते भीत नसत. तीस वर्षं त्यांनी जंगलात नाकेदारी केली होती, म्हणजे नाक्यावर बसून जाणाऱ्या लाकडाचे सरकारी पास तपासले होते. सिरोंच्याच्या बाजूला असताना एका संध्याकाळी वाघ नाक्याच्या आडव्या बांबूला अंग घासून गेला, तेव्हा यांनी आतूनच "कोन आहे? पास दाखव" असं दरडावलं, अशी कथा लोक सांगत, आणि ती त्यांनी कधी नाकारली नाही. साहेबाला भीत नसत, ठेकेदाराला भीत नसत, माझ्या सासूबाईंनाही भीत नसत, आणि हे शेवटचं धैर्य आमच्या गोतावळ्यात दुसऱ्या कोणाजवळ नव्हतं. पण वडशाला बांधलेलं ते तीन खोल्यांचं, मातीच्या भिंतींचं, कवेलूच्या, म्हणजे कौलांच्या, छपराचं घर आज आपल्याकडे काय मागेल, या धास्तीनं हा माणूस रोज सकाळी डोळे उघडत असे. त्यांच्या या धास्तीवर मी एकदा भर दुपारी अख्ख्या गावाला पोट धरून हसवलं. आता लिहायला बसलो आहे ते त्यांच्या गमती सांगायला, असं मी घरात सांगितलं आहे. खरं कारण त्या दुपारची लाज आहे, ती अजून गेलेली नाही.

साडभाऊ म्हणजे साडू. माझ्या बायकोची मोठी बहीण त्यांना दिलेली. तिला आम्ही सगळेच बाई म्हणत असू. मी त्यांना भाऊ म्हणे आणि ते मला मास्तर, कारण मी वडशाच्याच शाळेत मास्तर होतो. आमच्या वयात वीस वर्षांचं अंतर होतं, पण साडूपणात वय धरत नाहीत, या सबबीखाली मी त्यांची थट्टा करायचा हक्क लग्नाच्या दिवसापासूनच घेतला होता. सुरुवात तशी त्यांनीच केली होती. मी मांडवात मुंडावळ्या बांधून पाटावर बसणार, एवढ्यात हे पुढे आले, वाकून त्यांनी पाट बोटानं ठोकला, मान वाकडी करून ऐकला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "सालईचा आहे. कच्चं लाकूड. जपून बसजा, मास्तर." लग्न लागेपर्यंत मी अर्धं वजन पायांवरच तोलून धरलं होतं.

लाकूड दिसलं की ठोकायचं, ही त्यांची नाक्यावरची सवय. आयुष्यभर दुसऱ्यांचं सागवान तपासलेलं, हातोड्याचे ठसे आणि पासावरचे आकडे ताडून पाहिलेले, त्यामुळे ओंडका, पाट, खुर्ची, देव्हारा असा भेद त्यांच्या बोटांना राहिला नव्हता. कोणाकडे पाहुणे म्हणून गेले तर पाणी पिण्याआधी चौकट वाजवत. यजमानाचा चेहरा उतरत असे, कारण आमच्या भागात ज्याच्या घरात एकही वासा बिनपासाचा नाही असा माणूस शोधावा लागेल. साडभाऊंनी कोणाला कधी पकडून दिलं नाही. ते फक्त म्हणत, "अहेरीकडचं दिसते," आणि बसत. त्या घरी मग त्यांच्या चहात साखर जास्त पडे. ही साखर कशासाठी पडते हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. जंगलाच्या बाजूचे लोक फार गोड चहा पितात, असं त्यांचं मत होतं.

नोकरीत असताना हाच माणूस पाखरासारखा बिनघोर होता. दर दोन-तीन वर्षांनी बदली, दोन पेट्या आणि एक वळकटी बैलबंडीत टाकायची की संसार निघाला. नाक्यावरच्या गवताच्या खोपटात पाऊस सुरू झाला की बाई भांडी मांडत धावे आणि हे बाज सरकवून पुन्हा झोपत. एकदा मीच त्यांच्याकडे गेलो असताना रात्रभर छप्पर गळलं. सकाळी मी कुरकुर केली, तर म्हणाले, "सरकारचं छप्पर आहे. सरकार भिजून राह्यलं, आपलं काय जाते?" हे वाक्य मी पुढं वर्षभर शाळेत सांगून हशा मिळवला. असा हा माणूस पेन्शनीला दोन वर्षं उरली असताना अचानक वडशाला जागा घेऊन घर बांधायला निघाला. का, हे कोणी विचारलं नाही. म्हातारपणी सगळेच बांधतात, त्यात विचारायचं काय, असं मलाही वाटलं.

बांधकाम चाललं ते नाक्याच्या शिस्तीनं. प्रत्येक मयाल, प्रत्येक वासा रीतसर पासावर आला. ते सगळे पास त्यांनी एका पत्र्याच्या डब्यात ठेवले आणि घर पाहायला येणाऱ्याला घराआधी डबा दाखवायला सुरुवात केली. पैसा बेताचा, त्यामुळे बाकी सगळं साधंच होतं, पण दर्शनी दार मात्र त्यांनी जन्मभर मनात जपून ठेवल्यासारखं केलं. डेपोच्या लिलावातून सागवानाची फळी निवडली, दोन पावसाळे सावलीत वाळवली, आणि सुताराच्या शेजारी बाजेवर बसून ते दोन फळ्यांचं दार स्वतःच्या डोळ्यांसमोर घडवून घेतलं. त्याला पितळेच्या कड्या बसवल्या. ते दार वाजवलं की खणखणीत भरीव आवाज येई, आणि तो ऐकताना साडभाऊंचा चेहरा देवळात घंटा वाजवणाऱ्यासारखा होई. त्या दाराला कोणी पाठ टेकून उभं राहिलेलं त्यांना चालत नसे. "भिंत आहे ना टेकाले," असं ते हळूच म्हणत, आणि मग लगेच भिंतीकडेही काळजीनं पाहत.

वास्तुशांत झाली आणि चौथ्या दिवशी पंचायतीचा माणूस घरपट्टी सांगायला आला. साडभाऊंना हा धक्काच होता. जागा आपली, लाकूड पासाचं, माती नदीची, मग आता पट्टी कशाची, हे त्या माणसानं त्यांना तीनदा समजावलं. त्यानंतर पोताऱ्यासाठी पांढरी माती, उधईसाठी, म्हणजे वाळवीसाठी, डांबर, परसाच्या कुंपणाला काटे, शेजाऱ्याच्या वळचणीचं पाणी आपल्या भिंतीवर येतं म्हणून नाली, नाली खणली म्हणून भिंतीला आधार, आधार दिला म्हणून पुन्हा पोतारा, असं एकामागून एक निघत गेलं. पेन्शनीतून हे सगळं निभावताना त्यांनी आधी विडी सोडली, मग दुपारचा चहा सोडला. एकदा ओसरीत बसून ते मला अगदी मनापासून म्हणाले, "मले वाटे का घर बांधून झालं म्हंजे झालं. मास्तर, हे त बांधल्यावर चालू होते." मला तेव्हा हसू आवरलं नव्हतं. मी दोन भाड्याच्या खोल्यांत राहत होतो. गळलं तर घरमालकाच्या नावानं ओरडायचं आणि भिंत पडली तर दुसरीकडे जायचं, एवढंच माझं गृहशास्त्र होतं.

उधईचा त्यांनी असा धसका घेतला की सकाळी तोंड धुतलं की ते एकेका भिंतीला कान लावून फिरत. एके दिवशी कोपऱ्यातल्या भिंतीत त्यांना कुरतडल्याचा आवाज ऐकू आला. कुदळ आणून त्यांनी हातभर भिंत खणली, तरी आवाज चालूच. शेवटी पलीकडच्या खोलीतून बाई पदरानं पीठ झटकत आली तेव्हा कळलं, ती जात्यावर तांदूळ दळत होती. भिंत लिंपायला माणूस बोलवावा लागला. त्यावर त्यांनी बंदोबस्त काय केला, तर सकाळच्या वेळी जातं बंद. उधईचा आवाज नीट यावा म्हणून त्या घरात महिनाभर गिरणीचं पीठ आलं.

वानरांचं प्रकरण आणखी निराळं. आमच्याकडे वानरांची टोळी छपरावरून गेली की कवेलू फुटतात, हे सगळ्यांनाच भोगावं लागतं. लोक गोफण मारतात आणि विसरतात. साडभाऊंनी विचार केला की वानरं जातात ती खायला, तेव्हा त्यांना दूर खायला घातलं तर ती घराकडे येणार नाहीत. म्हणून ते रोज परसाच्या टोकाला आंब्याखाली चण्याची ओंजळ ठेवू लागले. चार दिवसांत टोळीला ते कळलं, आठ दिवसांत टोळीच्या सोयऱ्यांना कळलं. आंब्याकडे जायचा सगळ्यात जवळचा रस्ता साडभाऊंच्या छपरावरून होता. दर उन्हाळ्यात पावसाच्या आधी कवेलू फेरावे लागतात, फुटके काढून नवे बसवावे लागतात. ते फेरणारा माणूस वर चढला की हेही मागून चढत आणि त्याच्या प्रत्येक कवेलूवर नजर ठेवत. त्या माणसानं एकदा हात जोडून सांगितलं, "भाऊ, तुमी खाली उतरा जी. वानरानं फोडले त्याच्याहून जास्त तुमच्या पायानं फुटून राह्यले." साडभाऊ उतरले, पण शिडीच्या तिसऱ्या पायरीवर थांबून राहिले.

घर सोडून जाणं तर त्यांनी जवळजवळ बंदच केलं होतं. बाहेर निघाले तर दहा पावलं जाऊन परत येत, कुलूप ओढून पाहत, दार बोटानं वाजवत, पुन्हा निघत. नागभीडला आमच्या सासुरवाडीत लग्न होतं, तेव्हा बाईच्या आग्रहानं ते गाडीत बसले खरे, पण मागच्या दाराची कडी लावली की नाही या विचारानं ब्रह्मपुरीलाच उतरले आणि उलट येणाऱ्या गाडीनं घरी परतले. कडी व्यवस्थित लागलेली होती. मला वाटलं, आता तरी यांचा जीव शांत झाला असेल. पण दुसऱ्या दिवशी भेटले तर चेहरा पडलेला. म्हणाले, "कडी त लागली होती. मंग मी इसरलो काय?"

इथपर्यंतचं मी कोणालाही सांगत असे आणि सांगताना मला काही वाटत नसे. मी सांगे छान. बोटानं ठोकणं, मान वाकडी करणं, ती हळू खाकरणी, सगळं मला हुबेहूब जमे. शाळेत मधल्या सुट्टीत फर्माईश होई, "मास्तर, नाकेदार करा." मी करी. आणि घरी जाताना त्या पितळी कड्यांच्या दारावरून जावं लागलं की मनात कुठंतरी कळ उठे. ती कसली होती हे आज सांगून टाकतो. मला हेवा वाटत होता. माझ्या बायकोनं एकदाच, भाकरी थापता थापता, "बाईचं आपलं झालं," एवढंच म्हटलं होतं. ते मला फार लागलं होतं.

दिवाळीनंतर आमच्या भागात गावोगाव मंडई भरते. लेकी माहेरी येतात, पाहुण्यांनी घरं भरतात, नाचगाण्याच्या दंडारी होतात, नाटकं होतात. त्या वर्षी वडशाच्या मंडईत रात्रीचा मंच मोठ्या नाटकाला दिला होता आणि आम्हा मास्तर मंडळींना दुपारचा तासभर मिळाला होता. मी त्यासाठी एक प्रहसन लिहिलं, नाव ठेवलं 'घरधनी'. त्यात एकच माणूस आणि एकच दार. घरधनी दाराला कुलूप लावतो, दहा पावलं जातो, परत येतो, कुलूप ओढतो, दार ठोकतो, भिंतीला कान लावतो, वानरांशी बोलणी करतो. मुख्य काम अर्थातच माझं. तालमीत सगळे हसून बेजार होत, पण एक अडचण होती. रंगवलेल्या पडद्यावरच्या दाराला ठोकलं तर फडफड होई. खरं दार पाहिजे, असं सगळ्यांचं ठरलं. कोणाचं, हेही ठरलं. आणायला जाणार कोण, तर मी.

मी गेलो तेव्हा साडभाऊ ओसरीत कवेलूचे तुकडे निवडत बसले होते. मी विषय काढला आणि ते नाही म्हणतील याची वाट पाहत बसलो. खरं सांगायचं तर ते नाही म्हणाले असते तर त्याचाही किस्सा झाला असता, हे मी आधीच धरून ठेवलं होतं. ते उठले, दाराजवळ गेले, एका फळीवरून हात फिरवला.

"किती दिस?" त्यांनी विचारलं.

"एकच दिवस. सकाळी नेतो, संध्याकाळी आणून बसवतो."

"नाटकात कोनाचं दार आहे?"

"एका घरमालकाचं."

"मानूस चांगला आहे का तो?"

"भोळा आहे," मी म्हणालो. एवढं बोलताना मी जमिनीकडे पाहत होतो.

"मंग न्या. तुमी मागतलं त नाई कसं म्हनू?"

मंडईच्या दिवशी सकाळी सुताराला बोलावून त्यांनी स्वतः दार बिजागऱ्यांवरून उतरवून घेतलं, दोन गोधड्यांत गुंडाळलं, बंडीत आडवं ठेवलं आणि बंडीबरोबर मंडईच्या मैदानापर्यंत चालत आले. मंचावर दार उभं झाल्यावर त्यांनी ते एकदा वाजवून पाहिलं. मी म्हणालो, "भाऊ, बसा पुढं, आता दुपारी सुरूच होईल." त्यांनी माझ्याकडे आश्चर्यानं पाहिलं. "घराले दार नाई, मास्तर. मी बसलो इथी त तिथी कोन बसन? हिले पाठवतो." आणि ते झपझप घराकडे निघून गेले. माझ्यासाठी घर उघडं टाकून हा माणूस दिवसभर त्या मोकळ्या चौकटीत बसणार आहे, हे मला तेव्हा कळलं. मला तिथंच थांबता आलं असतं. पण लोक जमायला लागले होते.

पडदा वर गेला. मी धोतर त्यांच्यासारखंच आखूड नेसलो होतो. दाराशी आलो, बोटानं ठोकलं, मान वाकडी केली. पितळी कड्या उन्हात लखलखत होत्या. ते दार गावात कोणाला ओळखू येणार नाही, असं मी कसं धरलं होतं कोणास ठाऊक. मागून कोणीतरी "नाकेदार" म्हणालं, आणि जो हशा उठला तो खाली बसेना. बायकांच्या बाजूला पहिल्या रांगेत बाई बसली होती. आधी तीही हसली. जात्याचं आलं तेव्हा तिचं हसू थांबलं. आजूबाजूच्या बायका वळून तिच्याकडे पाहू लागल्या तसा तिनं पदर ओढून घेतला. हे सगळं मी मंचावरून पाहत होतो. मला ते दिसलं नाही असं मी पुढं घरी सांगितलं, पण ते खोटं होतं. मला दिसत होतं, आणि टाळ्या पडत होत्या, म्हणून मी थांबलो नाही. उलट लिहिलेलं नव्हतं तेही घातलं. घरधनी लग्नाच्या पंगतीत बसला आहे, ताट वाढलेलं आहे, आणि कडीची आठवण होऊन तो ताट टाकून पळतो, असं मी ऐन वेळी रचून केलं. त्या प्रसंगावर लोक अक्षरशः गडाबडा लोळले. माझी नजर पुन्हा पहिल्या रांगेकडे गेली तेव्हा बाईची जागा रिकामी होती.

संध्याकाळी दार घेऊन गेलो. साडभाऊ चौकटीत बाज आडवी टाकून बसले होते, मांडीवर काठी. बाई आत चुलीशी होती, ती बाहेर आली नाही. त्यांनी गोधड्या सोडल्या, दोन्ही फळ्या उलटसुलट पाहिल्या, एका जागी कोणाचा तरी चुन्याचा हात लागला होता तो ओल्या फडक्यानं पुसला. दार बसवून झाल्यावर उघडझाप करून पाहिलं. मग माझ्याकडे वळले.

"लोक हासले?"

"हासले."

"खूप?"

"हो, भाऊ."

"मंग दार कामाले आलं. मले पाहाले भेटलं नाई. तुमी इथी आंगनात एकदा करून दाखवजा."

बाई आता आतल्या दारात येऊन उभी होती. ती नुसती माझ्याकडे पाहत राहिली. तिनं त्यांना सांगितलं आहे की नाही, हे त्या चेहऱ्यावरून मला काढता येईना. मी म्हणालो, घसा बसला आहे, पुढं कधीतरी. आणि निघालो.

ते 'पुढं कधीतरी' मी सहा महिने लांबवलं. बाजारात दिसले की म्हणत, "मास्तर, ते राह्यलं." टपालकचेरीशी भेटले तरी तेच. त्यांचं दार टाळायला मी तांदळाच्या गिरणीला वळसा घालून शाळेत जाऊ लागलो. शाळेत नाकेदार करणं बंद केलं. गावातली पोरं मात्र आता त्यांच्या मागं जाऊन भिंती ठोकत, आणि ते थांबून पोरांना सांगत, असं नाही, लाकूड ठोकावं, भिंत ठोकून काय कळणार? हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. त्या दिवशी घरी येऊन मी जेवलो नाही. बायकोनं कारण विचारलं नाही. तिला ते माहीत होतं, आणि ते माहीत असूनही ती माझ्याशी बोलत होती, हे तिचे उपकार.

उन्हाळ्यात कवेलू फेरायच्या दिवसांत एका रविवारी सकाळी मी आपण होऊन गेलो. साडभाऊ शिडी धरून उभे होते. मी म्हणालो, "भाऊ, ते नाटक दाखवायला आलो." त्यांनी कवेलू फेरणाऱ्याला जेवायला पाठवलं, अंगणात बाज टाकली, बाईलाही बोलावलं. ती ओसरीत खांबाशी बसली. मी त्या दाराशी गेलो आणि सुरुवात केली. पाचशे माणसांपुढं जो आवाज चढला होता तो दोन माणसांपुढं फुटेना. बोटानं दार ठोकलं तेव्हा साडभाऊ म्हणाले, "बोट वाकवा. मांगच्या पेरानं ठोका, आवाज खोल जाते." मी बोट वाकवून ठोकलं. कान लावायचं केलं, जातं केलं, वानरं केली. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. नाक्यावर ठसा पाहावा तसे बारीक डोळ्यांनी पाहत होते. पंगतीतून ताट टाकून पळायचं आलं तेव्हा मी थांबलो. मला ते करवेना. मग तेही केलं, कारण केलं होतं ते सगळं त्यांच्यापुढं करायचं असं मी ठरवून आलो होतो.

नाटक संपलं. मग ते म्हणाले, "ताट नाई टाकलं मी. ब्रह्मपुरीहूनच परत आलो. अन्न टाकून उठनारा मानूस नाई मी."

"ते मी रचलं, भाऊ. माझं चुकलं."

"हिनं त्याच दिसी सांगतलं मले सारं. पन मले पाहाचं होतं, मी दिसतो कसा. पाह्यलं. तसाच आहे मी." त्यांनी डोक्यावरून हात फिरवला. "एक राह्यलं तुमच्या नाटकात. तो असा काऊन करते, हे नाई आलं."

मी मान खाली घालून उभा होतो. त्यांनी सांगितलं ते असं. सिरोंच्याकडून बदलीचा हुकूम आला तेव्हा त्यांची आई तापानं पडून होती. दोन दिवस थांबावं असं यांच्या मनात होतं, पण नवा नाकेदार बायकापोरांसकट पावसात अंगणात येऊन उभा राहिला. "त्याचंही खरंच होतं," साडभाऊ म्हणाले. "लेकरं भिजून राह्यली होती त्याची. मीच म्हतलं, या आत. मायले उचलून बंडीत ठेवलं." दुसऱ्या दिवशी दुपारी, दोन गावांच्या मध्ये, बंडीतच ती गेली. "लोकं इचारत, कोन्या घरातून काढलं बुढीले? मी काय सांगू? घरच नोतं. तवा ठरवलं, एक दार आपलं असावं. ज्यातून आपल्याले कोनी जा म्हननार नाई."

बाई पदरानं डोळे पुसत आत गेली. मी साडभाऊंच्या पाया पडलो. मास्तरकीत असं कोणाच्या पाया पडायची सवय राहत नाही, त्यामुळे ते नीट जमलंही नाही. त्यांनी मला उठवलं आणि म्हणाले, "आता शिडी धरा. तो येईपर्यंत कवेलूच्या दोन वळी पाहून घेतो." आणि वर चढले. मी शिडी धरली. वरून कवेलू फुटल्याचा आवाज आला तेव्हा मी ती आणखी घट्ट धरली.

जुने आणे जाऊन नवे पैसे चालू झाले त्या वर्षी, हिवाळ्यात, ते गेले. दोन दिवसांचा ताप आला, आपल्या बाजेवर, आपल्या छपराखाली सकाळच्या वेळी गेले. त्यांना बाहेर आणताना दाराच्या दोन्ही फळ्या पूर्ण उघडल्या. एक फळी मी धरली होती. तिला पाठ टेकू नये म्हणून मी अंग चोरून उभा होतो. जमलेल्यांत बरेचसे मंडईतलेच लोक होते.

गल्लीतून दहा पावलं गेलो असू. माझा पाय अडला. मी वळलो आणि परत घराकडे चालू लागलो. मागून कोणीतरी म्हणालं, "मास्तर, दार उघडंच ठेवाचं असते आज."

"माहीत आहे," मी म्हणालो. "पाहून येतो."

बोट वाकवून, मागच्या पेरानं, मी ते दार एकदा ठोकलं. मग जाऊन सगळ्यांना गाठलं. कोणी हसलं नाही.